उजव्या बाजूची जागा

स्नेहल पडली तेव्हा पंकजा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, गोलमध्ये उभी होती. सरावाचा सामना चालला होता. स्नेहल बॉल घेऊन उजव्या कडेनं नेहमीसारखी सुसाट निघाली, दीपा आडवी आली, दोघींचे पाय एकमेकींत गेले आणि स्नेहल गुडघा धरून मातीत लोळली. पंकजाला दिसलं ते एवढंच. दीपाचा पाय आधी बॉलला लागला की गुडघ्याला, ते इतक्या लांबून कळण्यासारखं नव्हतं.

पण संध्याकाळपर्यंत तिला वाटायला लागलं, की आपण सगळं बघितलंय.

संगमनेरच्या त्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाची पंकजा कॅप्टन होती. संघाचा सगळा खेळ स्नेहलच्या पायांवर चालायचा. बॉल मिळाला की उजवीकडे लांब मारायचा, पुढचं स्नेहल बघून घेईल. भंडारदऱ्याकडच्या डोंगरात वाढलेली पोरगी; सपाट मैदानावर तिला कुणी गाठू शकत नसे. डॉक्टरांनी लिगामेंट फाटल्याचं सांगितलं, वडील येऊन तिला गावी घेऊन गेले, आणि जिल्हा स्पर्धेची सेमीफायनल तर तोंडावर आलेली.

दीपा राहात्याची. गेल्या वर्षी उजव्या बाजूला तीच खेळायची. स्नेहल आल्यावर प्रशिक्षक अमृत सरांनी दीपाला मागे, बचावात टाकलं होतं. तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता मुलींना तेच खटकायला लागलं.

"एवढी जागा गेली तरी एक शब्द बोलली नाही," रुपाली म्हणाली. "मनात ठेवलं असणार."

"बूट पण नवे घेतलेत," दुसरी म्हणाली. "तळाचे स्टड बघितलेस का, केवढे टोकदार?"

त्यात पंकजानं हॉस्टेलच्या जिन्यात दीपाला फोनवर बोलताना ऐकलं. "मिळाली एकदाची जागा," दीपा हसत कुणाला तरी सांगत होती. पंकजाला पाहताच ती गप्प झाली आणि वर निघून गेली. पंकजा जिन्यातच उभी राहिली. त्या हसण्यानं तिच्या मनातली उरलीसुरली शंकाही मिटली.

दुसऱ्या दिवशी सरांनी दीपाला उजव्या बाजूला खेळवायचं ठरवलं. कडेवरून गोलसमोर उजव्या पायानं नीट क्रॉस मारणारी दुसरी कुणी नव्हतीच. पण मुलींना ते दीपानं ठरवून घडवल्यासारखं वाटलं. कुणी भांडलं नाही. फक्त बॉल तिच्याकडे जाईना. दीपा हात वर करून मोकळ्या जागेत उभी राही आणि रुपाली डावीकडे, गर्दीत पास देई. जेवताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

एकदा दीपानं पंकजाला विचारलं, "माझ्याकडून काय चुकलंय ते सांगशील का?"

"तुला माहीत असेल," पंकजा म्हणाली.

सेमीफायनल त्यांनी कशीबशी जिंकली. सवयीनं बॉल उजवीकडे लांब मारला जाई, तिथं कुणी पोचत नसे, आणि समोरच्या मुली तो आरामात उचलत. शेवटी समोरच्याच एका मुलीच्या पायाला लागून बॉल त्यांच्याच गोलमध्ये गेला, म्हणून निभावलं. सामना संपल्यावर अमृत सर म्हणाले, "दहाजणी खेळलात तुम्ही. अकरावी उभी होती आणि तुम्हाला दिसली नाही. फायनलला असं चालणार नाही."

पंकजानं त्याचा वेगळाच अर्थ लावला. दीपा संघात असेपर्यंत मुली एक होणार नाहीत. तिला काढायचं तर सरांना कारण हवं, आणि ते कारण फक्त स्नेहल देऊ शकत होती. रविवारी सकाळी तिनं राजूरची एसटी धरली.

स्नेहलचं घर राजूरच्या पुढे, भातखाचरांच्या वरच्या अंगाला होतं. स्नेहल ओट्यावर पाय लांब करून बसली होती. पंकजाला पाहून तिला आनंद झाला, पण लगेच तिचा चेहरा सावध झाला.

"अशी अचानक कशी आलीस?"

"तुला बघायला. आणि एक काम पण आहे."

स्नेहलची आई बनाबाई पाणी घेऊन बाहेर आली. भात शिजायला ठेवलाय, जेवल्याशिवाय जायचं न्हाई, म्हणाली. मग खाली बसून लेकीच्या पायाकडे बघत राहिली.

"मी हिला म्हनलं हुतं, जाऊ नको म्हनून. जत्रंत कबड्डी खेळली आन् गुडगा टमाट्यावानी सुजला. तरी दुसऱ्या दिशी पट्टी बांधून गेली कालेजात. आमचं कोन ऐकतंय?"

"आई, तू आत जा," स्नेहल म्हणाली.

बनाबाईला काय झालं ते कळलं नाही. ती उठून चुलीकडे गेली.

समोर खाचरातून एक म्हातारा आपले बैल हाकत चालला होता. पंकजा त्याच्याकडेच बघत राहिली.

"जत्रा कधी होती?" तिनं शेवटी विचारलं.

"मी पडले त्याच्या आदल्या दिवशी." स्नेहल खाली बघत म्हणाली. "मामानं लई गळ घातली. गावच्या पोरी हरत होत्या. सरांनी सांगितलेलं, बाहेर कुठं खेळलात तर संघातून नाव जाईल. मला वाटलं, सरावाला नाही आले तर त्यांना संशय येईल. एक दिवस काढू, मग बरं होईल."

"आणि दीपा?"

"तिनं बॉलच काढला. माझा पाय आपोआप वळला. ती आली नसती तरी वळला असता."

"मग हे बोलली का नाहीस? तिकडे सगळ्याजणी तिच्याशी…" पंकजा मध्येच थांबली. सगळ्याजणींत पहिली आपणच, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

"मी तिचं नाव कधी घेतलं?" स्नेहल म्हणाली. "फोनवर तुम्हीच म्हणालात. मी फक्त गप्प बसले."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पंकजाला तिची दया आली आणि रागही आला. काय करायचं ते तिनं स्नेहलला सांगितलं नाही. भात आणि कालवण खाल्लं, बनाबाईच्या पाया पडली आणि परतीची एसटी पकडली.

हॉस्टेलवर तिनं सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि घडलं ते सांगितलं. तिला वाटलं होतं, मुलींना वाईट वाटेल. पण रुपालीनं डोळे बारीक केले.

"स्नेहल असं म्हणाली? की फायनलसाठी तू जुळवून आणतेयस?"

"तिला फोन लाव."

रुपालीनं लावला. स्नेहलनं उचलला नाही. मुली एकमेकींकडे बघू लागल्या, आणि जो संशय इतके दिवस दीपावर होता तो पंकजाला स्वतःच्या अंगावर जाणवला.

ती दीपाच्या खोलीत गेली. तिथं एक शाळकरी वाटणारी मुलगी कपाटात कपडे लावत होती.

"माझी बहीण," दीपा म्हणाली. "अकरावीला आलीय. हॉस्टेलला जागा मिळत नव्हती, गेल्या आठवड्यात मिळाली एकदाची."

पंकजाला जिन्यातलं ते फोनवरचं बोलणं आठवलं. मग तिनं जत्रेचं सांगितलं, आणि म्हणाली, "माझं चुकलं. मी काही न बघता ठरवून टाकलं."

दीपानं शांतपणे ऐकून घेतलं. "फायनल परवा आहे म्हणून आलीस ना?"

"नाही."

"असेल तरी चालेल. मी खेळणार आहे. पण लांबचे बॉल मारू नका. मी स्नेहल नाही, मला पोचता येत नाही. जवळ द्या, मी परत देईन."

नगरच्या मैदानावर फायनल झाली. पहिला बॉल हातात आला तेव्हा पंकजानं तो लांब मारला नाही. सरळ दीपाच्या पायाशी टाकला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. दीपा तो थांबवून जवळच्या मुलीला देई आणि पुढे सरके. मध्यंतरानंतर, कदाचित दुसरा इलाज नव्हता म्हणून, रुपालीनंही तिला पास दिला. दीपानं मारलेल्या क्रॉसवर रुपालीनंच डोक्यानं गोल केला. पण नगरच्या संघानं दोन केले. दुसरा तर पंकजाच्या हाताला लागून आत गेला.

हरूनही परतताना बसमध्ये मुली बोलत होत्या, कुठला पास कसा गेला ते हातवारे करून सांगत होत्या. अमृत सरांचा फोन वाजला. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "स्नेहलनं सगळं सांगितलं. तिला दीपाशी बोलायचंय."

त्यांनी फोन दीपाच्या हातात दिला. दीपानं फोन कानाला लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही.

"आधी पाय बरा कर," दीपा एवढंच म्हणाली आणि फोन परत दिला.

रुपाली उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. दीपा सरकली नाही, पण तिनं मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली. पंकजा मागच्या सीटवरून ते बघत होती. पुढे जावं असं तिला वाटलं, पण दीपानं एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि संगमनेर येईपर्यंत पंकजा जागची हलली नाही.