टकटक सरांचा गार हात

चमच्याच्या खोलगटात खिडकी उलटी दिसत होती, आणि कडेला औषधाचा एक गुलाबी थेंब, पडू की नको करत लोंबकळलेला... बाबांनी तोंड उघडलं नाही. ती चमचा तसाच धरून राहिली. चमचा — आपल्याकडे 'तो', अरबीत 'ती'. हे बाबांनीच लहानपणी जेवताना शिकवलेलं, आणि तेव्हापासून चमचा हातात आला की तिला वाटायचंच, ही बाई आहे नि आपण तिला उगाच पुरुषांत बसवलंय.

दुपारी दादा गाडी घेऊन येणार होता, बाबांना शुश्रूषागृहात न्यायला. "बाबा आता त्या शरीरात नाहीत गं," तो फोनवर म्हणाला होता. "रिकाम्या घरावर पहारा करतेयस तू. तिथे निदान नर्स तरी असतील." तिला भयंकर राग आला, पण त्याला खोटं पाडता येईना — कारण पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून एक शब्द नव्हता, आणि त्यांची नजर भिंतीवरून सरकावी तशी तिच्यावरून सरकायची. दादा खरंच बोलत असेल तर? तिला भीती वाटायची ती ह्याचीच.

जन्मभर अरबी शिकवली ह्या माणसाने. मुलं मागून 'टकटक सर' म्हणायची, कारण कुणी चुकलं की ते ओरडायचे नाहीत, फक्त बोटाच्या पेराने मेजावर वाजवायचे — टक, टक — आणि चूक ज्याची त्याने शोधायची. मुद्दाम चुकणाऱ्याला मात्र टकटक नाही. त्याच्याकडे नुसतं चष्म्यावरून बघायचे. मुद्दाम चुकायची वर्गात कुणाची टाप नव्हती. घरात मात्र तिची एकटीची होती... आणि काय काय होतं त्या भाषेत चुकायला! नाम स्त्री, की विशेषणही स्त्री. दोन वस्तू आल्या की त्यांचं वेगळंच द्विवचन, जणू जोडीला गर्दीत ढकलायचंच नाही. उलट ढीगभर पुस्तकं, सगळे डोंगर, बंदरातली झाडून सारी जहाजं — मिळून एकच 'ती'. तीन ते दहा हे आकडे तर महावस्ताद, पुल्लिंगी नामाशेजारी स्त्रीचं रूप घेऊन बसणार आणि स्त्रीलिंगी नामाशेजारी पुरुषाचं. हिब्रूतही हेच, बाबा सांगायचे, बहिणी-बहिणीच त्या, खोडी कुठे जातील? हात, पाय, डोळा, कान, हे जोडीजोडीने आलेले, दोघींकडेही स्त्रीलिंगी. का? "कुणास ठाऊक! आपण तोंडात बोट घालायचं," म्हणायचे, आणि तिला हसवायला खरंच घालायचे.

तिने चमचा खाली ठेवून बाबांचा उजवा हात उचलला. लुळा, गार. कित्येक वर्षांनी ती अरबीत पुटपुटली, "यद... बारिद." हात गार.

टक, टक.

पलंगाच्या लाकडावर. डाव्या हाताचं पेर.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. बारिदा! हात म्हणजे ती, आणि मी मेली मराठीतला 'तो' तसाच उचलून ठेवला... "बारिदा," ती म्हणाली. पेर थांबलं. म्हणजे शब्द गेले, नावं गेली, माझंही नाव गेलं, आणि त्याखालची ही वीण जशीच्या तशी? पण आत जागं कोण आहे — माझे बाबा, की नुसती सवय, मालक गेल्यावरही टिकटिकणारं घड्याळ? दादा हेच म्हणेल. मी काय सांगणार त्याला?

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

तिने घाईने चमचा उचलला, बाबांसमोर धरला, आणि लहानपणीसारखी, अगदी निर्लज्जपणे, मुद्दाम चुकली. "मिलअका... जमील." चमचा सुंदर — आणि त्या बाईला पुरुषाचं विशेषण.

टकटक झाली नाही. पेर हललंही नाही. संपलं, तिला वाटलं, एकदाच उजळलं नि विझलं... आणि मग बाबांची हनुवटी सावकाश छातीकडे झुकली, भुवया वर गेल्या, आणि त्यांनी तिच्याकडे, नीट तिच्याकडेच, चष्म्यावरून पाहिलं.

चष्मा टेबलावर होता.

जिन्यात दादाची पावलं वाजत होती. त्याला हे कसं सांगायचं, सांगितलं तरी पटेल का, तिला काहीच ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक नसण्याची भीतीही आता वाटत नव्हती. डोळे भरून आले होते, त्यातून खिडकी पुन्हा वेडीवाकडी दिसत होती. बाबा अजून बघत होते. तिने हळूच तोंडात बोट घातलं.