मामांनी दिलेली माती

माझे सासरे बब्रुवानमामा हे बेंबळीतले भले गृहस्थ आहेत, आणि त्यांच्या भलेपणामुळंच माझी डाळिंबाची बाग हातची जायची वेळ आली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

चारशे झाडं मी हट्टानं लावली. माझ्या नवऱ्याला, युवराजला, तिथं सोयाबीनच हवं होतं. या साली माल चांगला निघाला नाही तर जेसीबी लावून झाडं उपटायची, असं त्यानं बजावलं होतं. म्हणून बहर धरण्याआधीच मी माती तपासून घ्यायची ठरवली. आठ झाडांखालची थोडी थोडी माती खणून पिशवीत भरा, एवढं मामांना सांगून मी लेकीच्या, आरोहीच्या, शाळेत गेले. तिथंच चुकलं.

अहवाल काय आला म्हणता! सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद भरपूर, आणि फळाला रंग-गोडी आणणारं पालाश तर अत्यंत भरपूर. आमच्या मुरमाड रानात! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण छापील कागदापुढं माणूस आंधळा होतो. मामांनी आपल्या नावाचा तो कागद खिशात घालून बाजारात भेटेल त्याला दाखवला. मी पालाशची पोती दुकानात परत केली आणि शेणखतालाही हात आखडता घेतला.

व्हायचं तेच झालं. फळं लिंबाहून जरा मोठी, रंग फिका, दाणे पांढरट. व्यापारी आयुबभाईंनी एक फळ फोडलं, दाणा तोंडात टाकला, दुसरा टाकलाच नाही. ज्यूसवाल्याला घाला म्हणाले आणि निघाले.

घरी येऊन युवराजनं जेसीबीवाल्याला फोन लावला. मी भांडले, रडले, हरले. तेव्हा ओसरीवरचे मामा उठले.

"फोन ठिव," ते युवराजला म्हणाले. "झाडांची चूक न्हाय. ती माती म्या उकिरड्यालगतची दिली व्हती."

जिथं वर्षानुवर्षं शेण मुरलंय, तिथली माती! मी विचारलं, "पण का, मामा?"

"साहेब लोक तपासणार. त्यांच्यापुढं मुरूम कसा ठिवायचा? दारी आलेल्याला आपण चांगलंच वाढतो की."

मी कपाळावर हात मारला. माझं अख्खं वर्ष, चारशे झाडं, आणि यांचा पाहुणचार! सून पडले, नाहीतर त्या दिवशी काय बोलले असते ते सांगता येत नाही. युवराजनं मात्र फोन ठेवला. आणखी एक साल बघू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुदळ मीच घेतली. मामाही मागोमाग आले. आठ ठिकाणी खणलं, पांढरट मुरूम निघाला, तो तसाच पिशवीत भरला. चिठ्ठीवर गट नंबर लिहिला, पीक लिहिलं. सातबारा मामांचा, म्हणून सवयीनं त्यांचं नाव लिहायला लागले, तर त्यांनी थांबवलं.

"माझं नको. तुझं लिही."

चांगलं ते यांचं आणि मुरूम तेवढा माझा, असं तोंडावर आलं होतं. पण या घरात येऊन मला अकरा वर्षं झाली, आणि या रानाच्या एकाही कागदावर कधी माझं नाव आलं नव्हतं. मी चिठ्ठी गुडघ्यावर नीट धरली आणि माझं पूर्ण नाव लिहिलं, चांगलं मोठ्या अक्षरात.