दत्तारामची दाढी

"गुणाजीदादा, त्येला सोड. पुढचा घे," बाबू शिपाई गजांबाहेरून म्हणाला.

गुणाजी न्हावी दर रविवारी तालुक्याच्या सबजेलात कैद्यांच्या दाढ्या करायला यायचा. कोपऱ्यातल्या कोठडीत दत्ताराम बसला होता. मच्छीमार बोटीवरचा खलाशी, मारामारीच्या खटल्यातला कच्चा कैदी. मुंबईहून त्याच्या रक्तात एड्स असल्याचा कागद आला, तेव्हापासून त्याचं ताट काठीने आत सरकवलं जायचं. दाढी गळ्याखाली उतरली होती.

"मंगळवारी तारीख हाय," दत्ताराम म्हणाला. "आऊस येनार. ह्या अवतारात बघितलान तर रडत बसंल."

गुणाजीने हत्यारांची पेटी उचलली. तिथून तो थेट सरकारी डॉक्टरांच्या दारी गेला.

"हात लावल्याने काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "वस्तरा मात्र त्याचा वेगळा ठेव. एकाच्या रक्ताचं पातं दुसऱ्याला लावायचं नाही."

सोमवारी सकाळी गुणाजी नवा वस्तरा घेऊन हजर. बाबूने कोठडी उघडली आणि तो लांब जाऊन उभा राहिला.

गुणाजी दत्तारामसमोर बसला. त्याने साबण फासला, डाव्या हाताने गाल धरला. दत्तारामने एकदम डोळे मिटले.

"दुखलं काय रं?"

"नाय दादा. चार म्हैने कोनी हात लावला नव्हता."

एरवी पाच मिनिटांत मोकळा होणारा गुणाजी त्या दिवशी तासभर बसला. दाढी झाल्यावर त्याने दत्तारामच्या डोक्याला खोबरेल चोळलं, मान मोडून दिली. दत्ताराम तेवढ्यात बसल्या बसल्या झोपला.

मंगळवारी कोर्टाच्या व्हरांड्यात दत्तारामच्या आईने, हिराने, त्याची हनुवटी धरली. "वाळलास," ती म्हणाली, "पन गोरा दिसतोस रं."

पुढच्याच आठवड्यात त्याला मुंबईच्या इस्पितळात हलवलं. दसऱ्याआधी तो गेला.

इकडे गुणाजीने एड्सवाल्याची दाढी केल्याची बातमी बाजारात फुटली होती. गुणाजीची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात बसू लागली. गुणाजी कोणाशी भांडला नाही. रोज दुकान झाडायचा, आरसा पुसायचा, पेपर वाचायचा.

एका दुपारी हिरा दारात आली. पानात बांधलेले सुक्या कोलंबीचे सोडे तिने फळीवर ठेवले आणि ती उंबऱ्याशी टेकू लागली.

"तिथं नको वैनी," गुणाजी म्हणाला. त्याने खांद्यावरच्या पंच्याने खुर्ची झटकली आणि तिला वर बसवलं. त्या आठवड्यात खुर्चीवर बसलेलं ते पहिलंच माणूस.