सोमवारचा भाग

नोरीन एंटविसलला दुपारी तीन ते चारच्या दरम्यान हाक मारायची नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या तासाभरात जुन्या मालिकांच्या वाहिनीवर 'टेंटर लेन'चे दोन भाग लागोपाठ लागायचे. ही मालिका पन्नास वर्षं चालली आहे आणि अजून संपायचं नाव घेत नाही. नवे भाग नोरीन बघत नसे. नव्यात सगळे नुसते रडतात आणि एकमेकांच्या गाड्या जाळतात, असं तिचं म्हणणं. तिला जुने हवे होते, आठवड्याला दोनच लागायचे तेव्हाचे. सोमवारी आणि बुधवारी, संध्याकाळी साडेसातला. जाहिराती लागल्या की अख्खी गल्ली एकदम उठून चहाची किटली लावायची.

त्या काळी आम्ही दिवस मोजायचो तेही याच मालिकेवर. भिंतीवर कॅलेंडर असे, पण त्याच्याकडे बघतो कोण? मालिकेतल्या मर्टलच्या पबला आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं धाकटं चालायला लागलं, अशी बोलण्याची रीत. डॉक्टरसुद्धा विचारायचे, दुखायला लागलं तेव्हा टेंटर लेनमध्ये काय चाललं होतं? सांगणारा बेधडक सांगायचा आणि ऐकणारा बेधडक मान डोलवायचा. एवढ्या विश्वासानं आम्ही कधी बायबलही वाचलं नसेल.

वाहिनीनं दोन वर्षांपूर्वी पहिल्या भागापासून सुरुवात केली होती. रोज दोन म्हणजे आठवड्याला दहा. बघता बघता या वर्षी १९८४ साल आलं.

१९८४ आलं आणि डेसमंडचं काहीतरी बिनसलं.

डेसमंड म्हणजे नोरीनचा नवरा. सत्त्याहत्तरचा झाला होता, पण गडी अजून ताठ. जन्मभर कोळशाच्या पोत्यांची लॉरी चालवलेली, हात असे की दार लोटलं तरी भिंत हलावी. दोन वर्षं तो नोरीनच्या शेजारच्या खुर्चीत बसून सगळे भाग बघायचा, नटनट्यांना नावं ठेवायचा. आता तीन वाजायला आले की उठून रेल्वे रुळांपलीकडे भाजी लावायला घेतलेल्या जमिनीच्या तुकड्याकडे जायला लागला. नोव्हेंबरात तिथे काय पिकतं म्हणा! मग एक दिवस रिमोट पावाच्या डब्यात सापडला. नोरीन हसली, म्हातारा झालास म्हणाली. पुढच्या आठवड्यात त्यानं समुद्रकाठच्या हॉटेलात चार दिवसांची खोली ठरवली. ज्या माणसानं लग्नानंतर बायकोला मावशीच्या घरापलीकडे कुठे नेलं नाही, त्याला एकदम समुद्र आठवला. नोरीननं चक्क नाही म्हणून सांगितलं. मालिकेत १९८४च्या नोव्हेंबरातल्या बारा तारखेचा आठवडा जवळ आला होता, आणि तो ती जगबुडी झाली तरी सोडणार नव्हती.

कारण त्या आठवड्यात तिच्या घराचे दोन तुकडे झाले होते.

नोरीनच्या धाकट्या भावाचं, क्लिफर्डचं, लोरेन पिकप नावाच्या मुलीशी जमलेलं होतं. लोरेन बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायची. हसरी, जरा उधळी, सगळ्यांची लाडकी. त्या वर्षी नोव्हेंबरच्या बारा तारखेला, सोमवारी, ती संध्याकाळी सातला घरातून निघाली आणि मंगळवारी सकाळी कालव्यात सापडली. गळ्यावर बोटांचे वळ होते. पोलिसांनी सांगितलं की आठच्या आतच सगळं आटोपलं असणार. आधीच्या शनिवारी क्लिफर्ड आणि ती क्लबात सगळ्यांदेखत कडाकडा भांडले होते, त्यामुळे पहिलं बोट त्याच्याकडे गेलं.

तरी पोलीस गल्लीतल्या प्रत्येक दारावर आले. एंटविसलांकडे गुरुवारी एक तरुण शिपाई वही घेऊन उभा राहिला. सोमवारी संध्याकाळी घरातली पुरुषमाणसं कुठे होती? डेसमंडनं तोंड उघडायच्या आत नोरीन बोलून मोकळी झाली. हा माझ्याशेजारी बसून टेंटर लेन बघत होता. मर्टलनं नगरसेवकाच्या थोबाडीत ओला हॅडॉक मासा हाणला, तोच भाग. त्याच सोमवारी नोरीनच्या दोन दाढा काढल्या होत्या, आणि मासा बसला तेव्हा ती इतकी हसली की हिरडीतून रक्त आलं, रुमाल लाल झाला. ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. शिपाईही हसला, म्हणाला, आमची आईसुद्धा अशीच हसली. वही मिटून तो शेजारच्या दारी गेला.

शुक्रवारी क्लिफर्ड आला. तोवर त्याला पकडलं नव्हतं. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच त्यानं शपथा घेतल्या की मी घरी होतो, एकटाच होतो, टेंटर लेन बघत होतो. नोरीननं विचारलं, बरं, काय झालं मग सोमवारी? तो म्हणाला, चॅपलमध्ये बारसं चाललं होतं, तिथे कबुतरं सुटली, पाद्रीबुवा बाकाखाली गेले.

नोरीनच्या काळजाचं पाणी पाणी झालं. सोमवारी कबुतरं कुठली? सोमवारी मासा होता. आपल्या सख्ख्या भावानं आपल्या तोंडावर खोटं बोलावं, आणि तेही असं पोराटोराचं! खोटं तेव्हाच बोलतात जेव्हा खरं सांगण्यासारखं नसतं. तिनं त्याला दार दाखवलं. खटल्यात त्याच्या वकिलानं तिला बोलावणं पाठवलं, भावाच्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांग म्हणून. ती गेली नाही. सख्खी बहीण आली नाही, हे ज्यूरीनं बघितलं. क्लिफर्ड सतरा वर्षं आत राहिला, सुटून आला, तीन गावं पलीकडे एका खोलीत राहिला, आणि नोरीननं त्याचं तोंड पाहिलं नाही. चाळीस वर्षं तिच्या मनात कधी पाल चुकचुकली नाही. वकील, जज, कुणाचंच तिला काही नव्हतं. तिचा पुरावा तिच्यापाशी होता.

आता तो क्लिफर्ड इस्पितळात शेवटचे श्वास मोजत होता. नोरीनची मुलगी जिल लपूनछपून मामाला भेटायची, ते आता तिनं उघड केलं होतं. रोज सकाळी फोन करून विनवायची, आई, ये ना एकदा, तो तुझं नाव घेतोय, डॉक्टर दोन दिवस म्हणताहेत. नोरीन म्हणायची, त्या मुलीचंही कुणी नाव घेत होतं. मग फोन ठेवून ओटा पुसायची. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायची. रात्री उशीत तोंड खुपसून रडायची हे मात्र कुणाला सांगायची नाही. लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरवलेलं, ते काय असं विसरतं माणूस?

म्हणूनच तिला तो भाग बघायचा होता. एकदा तो मासा सोमवारीच बसलेला डोळ्यांनी बघितला की मन खंबीर होईल, आणि भाऊ गेला तरी बोच लागणार नाही, असा तिचा हिशेब.

त्या दिवशी दुपारी पावणेतीनला टीव्ही लागेना. दिवा नाही, आवाज नाही. डेसमंड दारातून म्हणाला, गेला वाटतं, जुना झालाय, उद्या बघू. पण नोरीननं बावीस वर्षं किटल्यांच्या कारखान्यात प्लग जोडलेले. तिनं मागे वाकून प्लग उपसला, स्क्रूड्रायव्हरनं उघडला, तर प्लगच्या आत बसवलेला असतो तो फ्यूजच नाही. जळालेला नव्हे. नाहीच. फ्यूज काही आपल्या पायांनी चालत जात नाही.

तिनं मान वर केली तेव्हा डेसमंड दारात नव्हता. तो भाजीकडे गेला होता.

  इस्त्रीच्या प्लगमधला फ्यूज काढून तिनं टीव्हीच्या प्लगमध्ये बसवला, आणि मालिकेची ओळखीची धून लागली तेव्हा ती खुर्चीत टेकली. रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं. पडद्याखाली अक्षरं आली: प्रथम प्रसारण, सोमवार, १२ नोव्हेंबर १९८४.

आणि पडद्यावर चॅपल आलं.

बारसं होतं. बाळाला पांढरं झबलं घातलेलं होतं. मागच्या बाकावर एक पोरगं मांडीवर करंडी घेऊन बसलेलं.  हा भाग नोरीननं कधीच पाहिला नव्हता. जन्मात एक भाग न चुकवलेली बाई, आणि यातलं एक वाक्य ओळखीचं नव्हतं, एक टोपी ओळखीची नव्हती. तरी पुढे काय होणार ते तिला माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून कुणीतरी ते सांगितलं होतं. करंडीचं झाकण उघडलं, कबुतरं भर्रकन उडाली, आणि पाद्रीबुवा बाकाखाली गेले.

 तिचं डोकं भराभर चाललं. सोमवारी दाढा काढून ती चारला घरी आली होती. गुंगीच्या गोळ्या घेतल्या, जिल आजीकडे होती, ती सोफ्यावर आडवी झाली. त्यानंतर? त्यानंतर मंगळवार सकाळ. मधलं काही नव्हतंच. मासा बसला तो बुधवारी, रक्त आलं ते बुधवारी; गोळ्या तेव्हाही चालूच होत्या, दिवसांचा मेळ लागत नव्हता. आणि गुरुवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर डेसमंडच म्हणाला होता, काय हसलीस गं सोमवारी, रुमाल भिजवलास. शिपाई यायच्या तासभर आधी.

जाहिराती लागल्या. ती किटलीसाठी उठली नाही.

मागचं दार वाजलं. डेसमंड बैठकीच्या दारात येऊन उभा राहिला. चिखलाचे बूट पायात तसेच. हा माणूस गालिच्यावर बुटानं कधी आला नव्हता. त्यानं आधी टीव्हीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लागला वाटतं," तो म्हणाला.

"कुठे होतास रे सोमवारी?"

"कुठला सोमवार?"

"डेसमंड, मी हा भाग बघितलेला नाही."

 तो आत आला, आपल्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"चाळीस वर्षं झाली, नोरीन. मी तुला कधी चापटसुद्धा मारली नाही. एकदाच हात सुटला माझा. लोरेन माझ्या लॉरीतून उतरून तुझ्याकडे निघाली होती, आमच्या दोघांचं सगळं सांगते म्हणून. आता तुझा भाऊ आज जातोय की उद्या. उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

"क्लिफर्ड माझ्याकडे आला होता रे. याच घरात उभा राहून खरं बोलत होता."

"हो. आणि हाकललंस कुणी? मी?" तो जरा पुढे वाकला. "त्या पोलिसाला मी एक अक्षर बोललो नव्हतो. नीट आठव. बोललीस तू."

हे वर्मी बसलं. बसायलाच हवं होतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तो तिला ओळखत होता. आता ही लाजेनं मान खाली घालेल, चहा टाकेल, आणि पुढचा भाग लागेल, असा त्याचा अंदाज. तसं व्हायलाही काही हरकत नव्हती. बाहेर पडायला तिचे गुडघे साथ देत नव्हते, घर त्याच्या नावावर, वय चौऱ्याहत्तर. एक मिनिटभर ती खरोखर तशीच बसून राहिली.

मग तिनं हात लांब करून तिपाईवरचा फोन उचलला.

"ठेव तो," डेसमंड म्हणाला.

तिचा एक आकडा चुकला, पुन्हा लावावा लागला. जिलनं उचलला. इस्पितळातच होती. आई, तू? या वेळेला? टीव्हीवर दुसरा भाग सुरू झाला होता, मर्टल मासळीबाजारात उभी होती.

"तो ऐकतोय का गं?"

"डोळे मिटलेत. पण हात दाबला तर दाबतो. आई, काय झालंय? बाबा कुठेयत?"

"फोन त्याच्या कानाशी धर. आणि तूही जवळच राहा, तुलाही ऐकू येऊ दे."

डेसमंड खुर्ची सोडून बाहेरच्या खोलीत गेला. पुढच्या दाराला आतून कडी लागल्याचं तिनं ऐकलं. मग पावलं स्वयंपाकघरात गेली, आणि मागच्या दारालाही कडी लागली. फोनमध्ये श्वास येत होता, घरघरत, थांबत, पुन्हा येत.

पावलं बैठकीकडे परत यायला लागली. नोरीननं मागे वळून पाहिलं नाही. तिनं फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि शाळेत हजेरीला द्यावा तसा मोठ्यानं, स्पष्ट आवाज काढला.

"क्लिफर्ड, मी नोरीन. सोमवारी मी झोपले होते रे. डेसमंड माझ्याजवळ होता हे मी खोटं सांगितलं. तू खरं बोलत होतास."