मागची डावी काच

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मास्तर एका शिकाऊ बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन खिशात ठेवला. बाईंनी गाडी नीट रेषेत लावली. "आता हँडब्रेक ओढा," मास्तर म्हणाले, खाली उतरले आणि स्वतःच्या छोट्या गाडीत जाऊन बसले. बायको गेली होती. आजारपण लांबलं होतं, शेवट दिसत होता, तरी दिसणं वेगळं आणि फोन येणं वेगळं.

वाटेत सिग्नलला त्यांना रडू फुटलं. शेजारी थांबलेल्या बसच्या खिडकीतून चार माणसं टक लावून बघत होती. एकाने तर दुसऱ्याला कोपराने ढोसून दाखवलं. मास्तरांनी चेहरा पुसला आणि त्यानंतर ते कुणासमोर रडले नाहीत. भेटायला आलेले सगळे म्हणाले, "मास्तर मोठे खंबीर!" घरात सासूबाई होत्या. बायकोच्या आजारपणात मदतीला आल्या त्या तिथेच राहिलेल्या. त्यांच्यासमोरही मास्तर खंबीरच राहिले. रडायला एकच जागा उरली, गाडी. आणि गाडीला तर चारी बाजूंनी काचा!

म्हणून मास्तर काचांना फिल्म लावणाऱ्याच्या दुकानात गेले.

"सगळ्यात काळी कुठली?" त्यांनी विचारलं.

"मागच्या काचांना ही चालेल," फिल्मवाला म्हणाला. "पुढे मात्र ही फिकी. ऊन अडतं आणि दिसतंही."

"पुढेही काळीच हवी."

"ती मी नाही लावत, मास्तर. नियमात बसत नाही. आणि संध्याकाळी तुम्हालाच दिसणार नाही."

"मीच लोकांना गाडी शिकवतो. मला सांगता?"

"म्हणून तर सांगतोय," फिल्मवाला हसला.

मास्तरांना राग आला. त्यांनी दुसरीकडून काळ्या फिल्मची गुंडाळी आणली आणि रविवारी स्वतःच कामाला लागले. साबणाचं पाणी फवारायचं, मागचा पारदर्शक कागद सोलायचा, आतून फिल्म चिकटवायची, रबरी पट्टीने पाणी बाहेर ढकलायचं. ऐकायला सोपं. पण एक टोक धरलं की दुसरं स्वतःलाच चिकटायचं. सीटवरची धूळ उडून काचेवर बसायची. मागच्या डाव्या काचेत तर एक लांब केस अडकला, तो काही केल्या निघेना. संध्याकाळपर्यंत चारही काचा काळ्या झाल्या आणि त्यांवर जिकडेतिकडे फुगे आले.

सासूबाई अंगणात आल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"जावईबापू, काचांना कांजिण्या आल्यात का?"

"बसतील हळूहळू, आई."

"पैसे देऊन करून घेतलं असतं तर?"

"घरचं काम घरी केलं तर बिघडलं काय?"

"बिघडलं नाही. पण तुम्ही गाडीत काहीतरी लपवलंय की काय असं वाटतं," असं म्हणून त्या आत गेल्या.

मास्तर मात्र खूश होते. आता ते येता-जाता निवांत रडू शकत होते आणि घरी येताना कोरडे ठणठणीत असायचे.

एके दिवशी संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ते घरी परतत होते. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांनी डावीकडे वळण घेतलं आणि बाजूच्या आरशाला काहीतरी धडकलं. मास्तरांनी कचकन ब्रेक दाबला. दार उघडून बघतात तर रस्त्यावर दूध सांडलेलं, आणि फूटपाथला टेकून सासूबाई बसलेल्या!

"आई! अहो, मला तुम्ही दिसलाच नाहीत!"

"ते कळलं," त्या मनगट धरून म्हणाल्या. "पिशवी गेली. मी आहे अजून."

मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. पट्टी बांधून दोघं घरी आले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्यावर मास्तरांना ते उमगलं. आज एवढ्याशा अंतराने या घरातलं बायकोचं शेवटचं माणूसही गेलं असतं, आणि ते त्यांच्याच हातून!

"तुम्ही तिला गाडी शिकवत होतात तेव्हा मी मागे बसायचे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही काय सांगायचात? रस्ता ओलांडणारा माणूस चालवणाऱ्याचं तोंड शोधतो. नजर भिडली की मगच तो पाऊल टाकतो. सांगायचात ना?"

"हो."

"मी आज तुमचं तोंड शोधलं. काळी काच दिसली. मला वाटलं, आपलीच गाडी आहे, थांबतील." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "कुणापासून लपता एवढं?"

"लोक बघतात, आई. रडताना."

"तुम्ही रडता?"

"रोज."

सासूबाईंनी चांगल्या हाताने पदर डोळ्यांना लावला. "आणि मी रोज म्हणतेय, या माणसाला काहीच वाटत नाही! माझी मुलगी गेली आणि हा टापटीप शर्ट घालून जेवायला बसतो. या घरात मी एकटीच रडत होते हो, जावईबापू! एकटीच!"

मग मास्तर त्यांच्यासमोर रडले. काही आकाश कोसळलं नाही. सासूबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाल्या, "आता आमटी गरम करा. माझा हात बांधलाय."

दुसऱ्या दिवशी दोघं फिल्मवाल्याकडे गेले. त्याने काचांवरून बोट फिरवलं. "हात वाईट नाही तुमचा, मास्तर. धूळ वाईट होती."

"तुम्ही नाही म्हणालात तेव्हाच ऐकायला हवं होतं," मास्तर म्हणाले.

स्वतःच्या हाताने काम करण्यात काही वावगं नाही. पण जाणत्या कारागिराकडे गेलं की कामाबरोबर त्याचा नकारही मिळतो, आणि कधीकधी तोच जास्त मोलाचा असतो. घरी एकट्याने करताना आपल्याला नाही म्हणणारं कुणी नसतं. दुःखाचंही तसंच आहे. पुरुषाने रडू नये असं आपणच ठरवतो, त्याला खंबीर म्हणून शाबासकी देतो आणि तो बिचारा काचा काळ्या करत बसतो. आपल्या शेजारी असा कुणी असेल तर त्याला खंबीर म्हणू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि सिग्नलला कुणी रडताना दिसला तर कोपराने ढोसू नका, मान वळवा.

फिल्मवाल्याने पुढच्या दोन्ही काचा साफ करून फिकी फिल्म लावली. मागची उजवीही नीट करून दिली. मग तो पातं घेऊन मागच्या डाव्या काचेशी वाकला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा वर सारून काचेला जवळजवळ नाक लावलं. फिल्मखालचा केस लांब होता, टोकाशी काळा आणि मुळाशी पांढरा. आजारपणात दवाखान्यात जाता-येता ती त्याच सीटवर आडवी व्हायची, डोकं त्या दाराकडे करून.

मास्तरांनीही वाकून पाहिलं.

"मागच्या काचेला काळी चालते ना?" मास्तरांनी विचारलं.

"चालते. पण फुगे आहेत खूप. काढू?"

"आज नको."

आता मास्तर पुढच्या काचांतून सगळ्यांना दिसतात. कधी डोळे ओले असतात, कधी नसतात. सासूबाई शेजारी बसतात आणि त्यांच्या वळण घेण्यावर टीका करतात. मागच्या डाव्या काचेची फिल्म बदलायची अजून राहिली आहे.