उचललेला पूल

पीयूष सरांनी फळ्यावर तिच्या नावापुढे प्रकल्पाचा विषय म्हणून लिहिलेलं ‘तलासरीची लग्नगीते’ प्रगतीने डस्टरने पुसलं आणि त्याच जागी लिहिलं, ‘मध्ययुगीन फ्रेंच कथाकाव्ये’.

डहाणूच्या कॉलेजात इंग्रजी एम.ए.चा तास चालू होता. सर रागावले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले,

“प्रगती, तू वेवजीची, तलासरीतलीच. घरात सोनं असताना बाहेर कशाला शोधतेस? प्रकल्प आपल्या मातीवर कर.”

“सर, निशिगंधाच्या घरी चिकूची वाडी आहे. तिला कुणी चिकूवर लिही म्हणालं नाही.”

मागच्या बाकावरच्या निशिगंधाने हसू दाबायला ओढणी तोंडाशी धरली.

“बरं,” सर म्हणाले. “मग दोन्हींची तुलना कर. प्रकल्पाच्या अर्जावर आत्ता सही देतो.”

हो म्हटलं की काम झालं असतं. प्रगतीने खडू खाली ठेवला.

“सोमवारी सांगते, सर.”

ती घरी पोचली तेव्हा तिची आई, कमळी, ओट्यावर नागली पाखडत होती. सगळं ऐकून म्हणाली, “हो म्हण ना मंग. मास्तर काय वाईट नाय सांगत.”

प्रगती तिच्याजवळ बसली आणि तिने त्या फ्रेंच काव्यांतल्या एकाची गोष्ट सांगायला घेतली. एक सरदार बायकोला न विचारता लढाईवर निघून जातो. मागे किल्ल्याला वेढा पडतो. ती एकटी किल्ला झुंजवते, माणसं गमावते, पण किल्ला राखते. कैक वर्षांनी नवरा परततो आणि खंदकापलीकडून हाक मारतो, उचललेला पूल खाली सोड. ती बुरुजावर येऊन म्हणते, जाताना विचारलं नाहीत, आत येताना तरी विचारा. तो काही विचारत नाही. बर्फ पडत राहतं.

कमळीच्या हातातलं सूप थांबलं.

“मंग?”

“मग काही नाही. तिथंच संपतं.”

“नवरा भायेरच?”

“बाहेरच.”

प्रगतीचा बाप चैत्या दिवाळी झाली की गुजरातच्या मासेमारी बोटींवर कामाला जायचा. निघताना सांगायचा. विचारायचा नाही.

“आपल्यात आहे का गं आई अशी गोष्ट?”

कमळीने आठवून पाहिलं. “नाय. आपल्यातली बाई दार उघडते.” तिने सूप बाजूला ठेवलं. “परत सांग. हळू सांग.”

सोमवारी प्रगती सरांच्या खोलीत गेली तेव्हा ते वह्या घेऊन तासाला निघाले होते.

“तुलना नाही करणार, सर. एवढंच करणार.”

“हट्टी आहेस.”

“हो, सर.”

सरांनी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. “मार्गदर्शन कसं करू? खरं सांगतो, मी ती काव्यं वाचलेलीच नाहीत. आम्हाला त्यांच्यावर परीक्षेपुरत्या चार ओळी होत्या.”

प्रगती भांडायची तयारी करून आली होती. तिने भिंतीकडची खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ठेवली.

“बसा, सर. सांगते.”

तासाची घंटा झाली. सरांनी वह्या टेबलावर ठेवल्या आणि ते बसले.