बटणची वाटी

घरात आलेल्या प्रत्येक पाकिटाची आधी उलटतपासणी व्हायची, मगच ते फळीवर चढायचं. खारूताईच्या आईचा तसा शिरस्ताच होता. बिस्किटांचा पुडा असो की साबणाची वडी, मागची बारीक अक्षरं खिडकीच्या उजेडात धरून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

"अगं, बिस्किटं आहेत ती, खटल्याचे कागद नाहीत," खारूताईचे बाबा म्हणायचे.

पण ज्यांच्या घरात लहान मूल आहे, ते तिला हसणार नाहीत. चार वर्षांची लेक हाताला लागेल ते गालात साठवते, म्हणून तर बाबांनी तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली. अशा घरात आईने डोळ्यांत तेल घालून राहायचं नाही तर काय करायचं?

वर्षभरापूर्वी खारूताईने मांजरीच्या खाण्यातला एक दाणा गालात टाकला. आईने बोट घालून तो बाहेर काढला, तर बोट लालभडक! मांजरीच्या खाण्याला रंग कशाला? तो मांजरीसाठी होता, की विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी? पाकीट त्याच क्षणी कचऱ्यात गेलं.

तेव्हापासून बटणची वाटी घरच्या अन्नाने भरू लागली. कपाळावर काळा गोल ठिपका, म्हणून मांजरीचं नाव बटण. तिच्यासाठी सगळं ताजं, नैसर्गिक. खारूताईसाठी शिजवलेला मऊ भात, उकडलेला भोपळा, गाजर आणि वर दूध. "माझ्या लेकीला चालतं, ते हिला का चालू नये?" आई म्हणायची, आणि स्वतःच्याच प्रश्नावर खूश व्हायची.

बटण मात्र वाटीला नुसतं तोंड लावून निघून जायची, आणि तरीही तिचं अंग चकचकीत! आईच्या मनात पाल चुकचुकली. ही बाहेर खाते. पण कुठे? आणि काय?

तळमजल्यावर शिंपीकाकांचं दुकान होतं. साठीचे, एकटे, मोजकं बोलणारे. दुकानाची मागची खिडकी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत उघडायची, आणि रोज एकच्या सुमाराला बटण त्या खिडकीतून आत जायची. आई एकदा दबक्या पावलांनी जिना उतरली. काकांच्या हातात घट्ट झाकणाचा छोटा स्टीलचा डबा होता. तिला पाहताच त्यांनी तो झटकन इस्त्रीच्या टेबलाखाली सरकवला.

लपवण्यासारखं काय होतं त्यात?

त्याच दुपारी बटण परतली ती मिशांना पांढरी पूड लावून. आईने ती पूड कोरड्या कापसाने टिपली, कागदाच्या पुडीत बांधली, वर तारीख घातली. आणि वही उघडली. "एक वाजून दहा: खाली गेली. एक पंचवीस: मिशा चाटत आली. वाटीतलं अन्न तसंच." असं तीन आठवडे.

"आता फक्त बोटांचे ठसे घ्यायचे राहिलेत," बाबा म्हणाले.

"हसा तुम्ही. उद्या मांजरीच्या जागी आपली पोर असेल."

बाबांचं हसू तिथेच थांबलं.

चौथ्या आठवड्यात ती थेट दुकानात गेली. एक गिऱ्हाईक बाई मापं देत उभी होती. तिच्यासमोरच आईने विचारलं, "काय घालता हो माझ्या मांजरीला? लपूनछपून?"

काकांच्या गळ्यातली टेप सरकून खाली पडली. ती उचलायला ते वाकले, आणि वर पाहिलंच नाही. "चुकलं, ताई. आता नाही देणार."

ना भांडण, ना खुलासा! खरा माणूस असा गप्प राहील का? आईचा संशय उलट पक्का झाला. त्या दिवसापासून दुकानाची मागची खिडकी बंद झाली आणि बटणचं बाहेर जाणंही. घरातून कुणीही निघालं की आधी दाराशी मांजर नाही ना, हे पाहायचं असा नियम झाला. उपाशी किती दिवस राहणार? बटण निमूटपणे भात-भोपळा खाऊ लागली. आईला वाटलं, जिंकलो.

पाच महिने गेले. बटणची चमक उतरली. खिडकीत उडी मारायला जायची आणि काठाला आपटून खाली यायची. चार पावलं धावली की धाप. एका संध्याकाळी खारूताई रडवेली होऊन आली. "आई, बटण मुद्दाम स्टुलाला धडकते. मी हाक मारली ना, की चुकीकडे बघते."

आईने बटणला उचललं. तिचे डोळे मोठे, काळेभोर, दिव्याखालीही तसेच विस्फारलेले. तिच्या मनात आलं: शिंपीकाकांनीच! खिडकी बंद केली म्हणून काय झालं, माणूस सूड उगवू शकत नाही?

दुसऱ्या दिवशी ती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसली. एका हाताने टोपलीतली बटण धरलेली, दुसऱ्या हातात वही आणि ती पुडी.

"विषप्रयोग आहे. तपासून मला तसं लिहून द्या," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आधी बटणची छाती ऐकली, बराच वेळ. मग बारीक दिव्याने डोळ्यांत पाहिलं. मग पुडी उघडली, पूड बोटांवर चोळली आणि स्वतःच्या काळ्या पर्सवर एक रेघ ओढली. स्वच्छ पांढरी रेघ उमटली.

"हा कापडावर खुणा करायचा खडू आहे. शेजारी शिंपी राहतो का कुणी?"

"आहे, खाली तळमजल्यावर," आई म्हणाली.

"वही बघू." पानं उलटता उलटता बाईंच्या कपाळावर आठी पडली. "वाटीत काय असायचं?"

"सगळं नैसर्गिक! भात, भोपळा, गाजर, दूध. पाकिटातलं एक कणभरसुद्धा नाही."

"नैसर्गिक? कुणाच्या निसर्गाला धरून?"

"म्हणजे?"

"वाघाला भोपळा घालाल का हो? ही त्याच कुळातली. मांसात एक द्रव्य असतं, ते मांजरीचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही, ते तिला खाण्यातूनच मिळावं लागतं. नाही मिळालं तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय थकतं. तेच झालंय. हिला कुणी काही घातलेलं नाही, बाई. जे घालायला हवं, ते घातलेलं नाही."

"पण त्या पाकिटात तो रंग होता..."

"संशय बरोबर होता तुमचा! ते पाकीट टाकलंत, चांगलं केलंत. पण पुढे कुणाला विचारलंत? परवा एकाने कुत्र्याला मूठमूठ बेदाणे घातले, निसर्गाचा मेवा म्हणून. मूत्रपिंडं गेली बिचाऱ्याची, सलाईनवर आहे. कुणी कांद्याचा रस्सा पाजतं आणि कुत्र्याचं रक्त आटतं. पाकिटावर मांसाचं नाव पहिलं आहे का, तो पूर्ण आहार आहे की नुसता खाऊ, ते वाचायचं. घरी शिजवायचं असेल तर खुशाल शिजवा, पण काय आणि किती ते आमच्याकडून लिहून घ्या." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "हे एक वाजून दहा काय आहे?"

"ती... शिंप्याकडे जायची. मी बंद केलं. पाच महिने झाले."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "तो काय द्यायचा मला माहीत नाही. पण ते मांस-मासे असणार, आणि तेवढ्यावरच ही तगली होती."

अरे देवा! जे जेवण तिला जगवत होतं, तेच आपण बंद पाडलं!

"नजर परत येईल का?" आईने कसंबसं विचारलं.

"गेली तेवढी नाही येणार. उरलेली वाचेल. हृदय बहुधा सावरेल." त्यांनी एका कागदावर रोजच्या खाण्याचं माप लिहिलं आणि एक छोटी बाटली पुढे सरकवली. "हे रोज खाण्यात मिसळायचं."

बाटलीत पांढरी पूड होती.

आई घरी गेलीच नाही. टोपली हातात धरून ती तशीच दुकानात शिरली. काका बाही उसवत होते. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? लहान पोरीची आई तुम्ही, भ्यालेल्या. त्यातून जनावर तुमचं, विचारायला मीच हवं होतं." त्यांनी कात्री बाजूला ठेवली. "उकडलेला मासा द्यायचो. माझ्या जेवणातला, मीठ-मसाला पडायच्या आधी काढलेला. तुमच्याकडे भाजीपाल्याचंच चालतं, रागवाल म्हणून डबा लपवला. हात मात्र खडूचे असायचे, ते काही लपले नाहीत."

आईला हसू आणि रडू एकदमच आलं. "माझी चूक झाली, काका. गिऱ्हाइकासमोर बोलले तुम्हाला."

"ते जाऊ द्या. हिला आता काय द्यायचं, ते वाचून दाखवा. डॉक्टरांचं अक्षर लागतं का तुम्हाला तरी?"

आठ दिवसांनी दुकानाची मागची खिडकी पुन्हा उघडली. आता सकाळची वाटी आई भरते. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या मापाने, पूड स्वतःच्या हाताने मिसळून. दुपारची काका भरतात, आणि तो कागद त्यांच्या मशीनच्या वर भिंतीला टाचलेला आहे. एकच्या सुमाराला डब्याचं झाकण वाजतं. वरच्या मजल्यावर बटण कान टवकारते आणि कठड्याला अंग घासत एकेक पायरी उतरते. तिच्यामागून खारूताई, आणि खारूताईच्या मागून आई. पाळत ठेवायला नाही, मांजरीची पायरी चुकू नये म्हणून.

मित्रहो, मुक्या जिवाला वाटीत काय पडलं ते सांगता येत नाही, म्हणून आपण संशय घ्यावा, जरूर घ्यावा! पाकिटाचा घ्यावा, रंगाचा घ्यावा, जाहिरातीचा घ्यावा. पण आपल्याला जे चांगलं वाटतं ते त्याच्या शरीराला चांगलं आहे का, हे जाणत्याला विचारावं. आणि दुसऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवण्याआधी आपण भरलेली वाटी एकदा उजेडात धरून पाहावी. खारूताईच्या आईने ती पाहिली, पण बटणची अर्धी नजर गेल्यावर.